गंधवार्ता

मराठी वाङ्मयाच्या पंगतीत शिकारकथेचा पाट नेहमी ओसरीवर, आणि तोही शेवटच्या ओळीत मांडला गेला. दिवाळी अंकातील एखादा थरारक लेख, शाळकरी मुलाला बक्षीस म्हणून द्यावयाचे पुस्तक, फार तर एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने हौसेने लिहिलेल्या आठवणी, यापलीकडे टीकाकारांनी तिची गणना केली नाही. आता तर तिच्यावर नैतिक आक्षेपही आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीभोवती कुंपण घातले, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली फटही बुजविली. आणि ज्या कृत्याबद्दल आज तुरुंगात जावे लागते त्याच्या फुशारक्या वाचावयाच्या कशाला, असा प्रश्न सुजाण वाचक विचारू लागला आहे. प्रश्न रास्त आहे. या ढिगातील बरीच पुस्तके कपाटातून उचलली तरी वाङ्मयाची काही हानी होणार नाही, असे माझेही मत आहे. परंतु त्यांच्याबरोबर काही थोडी अशीही जातील की ज्यांत साठविलेले ज्ञान अन्यत्र सापडणे कठीण. मग निवड कशाने करावयाची? मारलेल्या जनावरांच्या संख्येने नव्हे, आणि भाषेच्या डौलानेही नव्हे. माझी कसोटी साधी आहे, कदाचित हास्यास्पदही वाटेल. त्या पुस्तकात वारा कोणीकडून वाहतो ते पाहावे.

ही कसोटी मला ग्रंथालयात सापडलेली नाही. एका हिवाळ्यात उत्तर बंगालात गेलो असता सांतालाबारीहून बक्सा किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेने एका स्थानिक वाटाड्यासह चाललो होतो. पहाटेची थंडी ओसरत होती आणि चढणीवर ऊन नुकतेच पोचले होते. वारा म्हणून म्हणावा असा नव्हताच; निदान मला तो जाणवत नव्हता. आम्ही बोलतही नव्हतो. इतक्यात वरच्या झाडीतून भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागले, आणि पुष्कळ वेळ भुंकत राहिले. मधे दाट जंगल असल्यामुळे त्याने आम्हांस पाहिले असणे शक्य नव्हते. वाटाड्याने प्रथम उन्हाकडे बोट दाखविले, मग हाताचा पंजा उताराला समांतर धरून हळूहळू वर नेला. अर्ध्या तासापूर्वी आलो असतो तर त्याच्या खालून निघून गेलो असतो आणि त्याला कळलेही नसते, असे तो म्हणाला. आजवर वाचलेल्या शिकारकथा त्या दिवशी माझ्या मनात दोन ढिगांत विभागल्या गेल्या.

डोंगरातील वाऱ्याची रीत सपाटीवरच्या वाऱ्याहून निराळी असते. माळावर काळविटाच्या मागे जाणाऱ्याने चिमूटभर माती सोडून पाहिली की बराच वेळ भागते. डोंगरात तसे नाही. ऊन पडल्यावर उतार तापतो, उताराला लागून असलेली हवा हलकी होते आणि चढण चढू लागते. सूर्य कलल्यावर तोच उतार निवतो, हवा जड होते आणि ओहळातून पाणी उतरावे तशी नाल्यानाल्याने खाली उतरते. शाळेच्या भूगोलात यांना दरीय वारे आणि पर्वतीय वारे म्हणतात. आपण ते दोन गुणांसाठी पाठ केले आणि विसरून गेलो. शिकाऱ्याला मात्र त्या दोन गुणांवर सारा दिवस काढावयाचा असतो. ऊन वर आल्यावर त्याने जनावराच्या वरच्या अंगाला असले पाहिजे, आणि पहाटे किंवा सांजावल्यावर खालच्या. बरे, हा पालटही सगळीकडे एकाच वेळी होत नाही. पूर्वेकडची उतरण आधी तापते, तेव्हा पश्चिमेकडची अजून रात्रीच्याच हवेत असते. म्हणजे एक धार ओलांडली की सकाळीतून पुन्हा पहाटेत जावे तसे होते. दोन्ही वाऱ्यांच्या मधे एक वेळ अशी येते की हवा कोणाचीच नसते. ती क्षणात गालाला लागते, क्षणात मानेला. जाणता माणूस त्या वेळी पाऊल उचलत नाही, खाली बसतो. याशिवाय माथ्यावरून वाहणारा मोठा वारा असतो. तो धारेपलीकडे उतरला की त्याचे भोवरे होतात, खिंडीत सापडला की जोर धरतो, आणि तीन बाजूंनी बंद असलेल्या दरीत शिरला तर फिरून मागे येतो.

हे सारे सांबराला ठाऊक असते. दुपारच्या विश्रांतीला ते बऱ्याचदा उताराच्या वरच्या भागात, माथ्याच्या थोडे खाली बसते. खालची वार्ता तापलेली हवा वर आणते, मागची वार्ता माथ्यावरचा वारा आणतो. त्याची दृष्टी निश्चल वस्तूच्या बाबतीत तितकीशी भरवशाची नाही. कान तीक्ष्ण आहेत. पण त्याचा खरा विश्वास नाकावर. माणूस दिसला तर सांबर क्षणभर उभे राहून निरखील. चाहूल लागली तर कान वळवील, पाय आपटील. वास आला तर मात्र ते दुसऱ्या पुराव्याची वाट पाहत नाही.

आपल्या भाषेत ‘गंधवार्ता’ असा एक सुरेख शब्द आहे, आणि तो आपण बहुधा नकारातच वापरतो: अमक्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. डोंगरातील शिकारीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात मावते. तसाच दुसरा प्रयोग, एखाद्याच्या वाऱ्यालाही उभे न राहणे. या वाक्प्रचारांचा उगम रानात झाला असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण हरणाच्या बाजूने पाहिले तर ते अक्षरशः खरे आहेत. उलट ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ ही म्हण आम्हां कचेरीतल्या लोकांनी केली असावी. शिकारी तसे करील तर संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येईल. त्याला वारा तोंडावरच घ्यावा लागतो.

आता ही कसोटी घेऊन प्रथम आपल्या अभिजात वाङ्मयाकडे जाऊ. शाकुंतलाचा पडदा उघडतो तोच मृगयेवर. रथ धावतो आहे, पुढे हरीण मान वळवून मागे पाहते आहे, आणि ते चित्र इतके सुंदर आहे की दीड हजार वर्षे आपण ते न्याहाळीत बसलो आहोत. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची वाखाणणी करतो: शरीर हलके होते, भय आणि क्रोध यांनी प्राण्यांची मने कशी पालटतात ते कळते, हलत्या लक्ष्यावर बाण साधतो. रघुवंशाच्या नवव्या सर्गातील दशरथाच्या मृगयेचे समर्थनही जवळजवळ याच मुद्द्यांवर आहे. या दोन्ही समर्थनांत वाऱ्याचे नाव नाही. ते यावे तरी कसे? रथाच्या गडगडाटात जो हरणाचा पाठलाग करतो त्याला लपावयाचेच नसते. काव्यातला वारा शीत, मंद आणि सुगंधी, या तीन विशेषणांच्या सेवेत रुजू झालेला. तो कमळांचा आणि आश्रमातल्या फुलांचा परिमळ नायकाकडे घेऊन येतो; नायकाच्या घामाचा वास हरणाकडे नेण्याचे काम कोणत्याही महाकवीने त्याच्यावर सोपविल्याचे माझ्या वाचनात आले नाही. एवढ्यावरून कालिदासाला उणे म्हणण्याइतका मी अविचारी नाही. त्याला हरीण दाखवावयाचे होते आणि ते त्याने दाखविले. पण पुढच्यांनी हरणाचे डोळे तेवढे उचलले आणि नाक रानातच टाकून दिले.

कस्तुरीमृगाचे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. नाभीत कस्तुरी असून ते बिचारे तिच्या शोधात रानोमाळ भटकते, हा दृष्टान्त कबीरापासून आमच्या कीर्तनकारांपर्यंत सर्वांना प्रिय. परमार्थापुरता तो सुंदर आहे. पण ज्या जातीचे सगळे जीवन वासावर चालते, आपली हद्द जी वासाने आखते आणि आपली जोडीदारीण जी वासाने बोलावते, तिलाच आपण गंधाच्या बाबतीत अज्ञानाचे प्रतीक करून ठेवले. खरे अज्ञान दृष्टान्त देणाऱ्याचे. कारण स्वतःचा वास ज्याला कधीच येत नाही असा प्राणी रानात एकच शिरतो, आणि तो दोन पायांचा असतो.

राजेलोकांनी लिहिलेले शास्त्रग्रंथ काव्यापेक्षा जमिनीच्या जवळ आहेत. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ मराठीच्या इतिहासात त्यातील जुन्या मराठी पदरचनेमुळे नेहमी उल्लेखिला जातो. त्यात मृगयेवरही सविस्तर विवेचन आहे, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. दुसरा ग्रंथ कोलकात्याच्या वाचकाला अधिक जवळचा. कुमाऊँच्या डोंगरी राज्याचा राजा रुद्रदेव याने ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिले. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी ते इंग्रजी भाषांतरासह संपादिले आणि १९१० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ते प्रसिद्ध केले. शिकारीचे आठ प्रकार सांगून राजाचे मन अखेर ससाण्याकडे वळते, आणि तिथे त्याची लेखणी खरोखर खुलते. पक्ष्याचा आहार, त्याचे आजार, ऋतूप्रमाणे त्याची निगा, हे त्याने अशा जिव्हाळ्याने लिहिले आहे की वाचणाऱ्याला हा हत्येचा ग्रंथ आहे याचा विसर पडावा. तरीही तो वरून पाहणाऱ्याचा ग्रंथ आहे. ससाणा आकाशातून पाहतो, राजा घोड्यावरून.

गंमत अशी की हरणाच्या बाजूने लिहिलेली रचनाही याच हरप्रसाद शास्त्र्यांच्या हाती लागली. १९०७ साली नेपाळात त्यांना चर्यापदांचे हस्तलिखित मिळाले आणि १९१६ मध्ये बंगीय साहित्य परिषदेने ते छापले. त्यातील भुसुकूचे हरणावरचे पद बंगालीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. सभोवार हाकाटी चालू आहे, वेढ्यात सापडलेल्या हरणाची तहानभूक हरपली आहे, आणि त्याचे वैर दुसऱ्या कोणाशी नसून स्वतःच्या देहाशीच आहे. पदाचा रोख साधनेकडे आहे, हे मला मान्य आहे. तरी बक्सातून परत आल्यावर ते पुन्हा वाचताना मला वाटले की डोंगरात हा न्याय दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. हरणाचे मांस जसे त्याचे वैरी, तसा माणसाचा घाम, त्याची विडी, त्याच्या केसांचे तेल हे त्याचे वैरी. तिथे माणूसही आपल्या देहानेच पकडला जातो. ही समता ज्या पुस्तकात आहे ते मी शिकारवाङ्मय म्हणून जपून ठेवीन. जिथे ती नाही ते केवळ कत्तलीचे टिपण.

इंग्रजी अमदानीतील आठवणींची बहुतेक पुस्तके दुसऱ्या प्रकारात मोडतात. हाकारा घालून जनावर मचाणापुढे आणावयाचे, बार टाकावयाचा आणि शिंगांची लांबी इंचांत मोजावयाची. अशा शिकारीतही वारा लागतोच. मचाणे कोणत्या अंगाला बांधावयाची ते त्याच्यावरच ठरते. पण ते ठरविणारा साहेब नसे. ठरवी तो गावचा गोंड किंवा कोरकू, आणि पुस्तकात तो एक बोट वर करून दाखवितो, मान हलवितो आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसा होतो. त्याचे नाव क्वचित येते, त्याचे शब्द तर जवळजवळ कधीच नाहीत. सातपुड्यावर लिहिणारा फोर्साइथ (त्याचे पुस्तक १८७१ चे) आणि मध्य प्रांताच्या वनखात्यातील डनबार ब्रँडर (१९२३) यांना मी या आरोपातून बराचसा मोकळा करीन, कारण त्यांची नोकरीच रानात पायी चालण्याची होती आणि त्यांच्या पानांतून जनावर गोळी लागण्याआधी पुष्कळ वेळ जिवंत असते. आपल्या फासेपारध्यांची कथा यापेक्षाही विषण्ण आहे. फास कोठे लावावयाचा हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळत आले, त्यांच्यावर एका राजवटीने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, आणि पुढे ती विद्याच बेकायदा झाली. कायदा योग्यच होता. परंतु ते ज्ञान कोणी लिहून घेतले नाही, याचा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. तो आपणां लिहित्या लोकांचा आहे.

आता कॉर्बेटकडे येतो. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली निघाले, आणि रुद्रदेवाचेच डोंगर पुन्हा एकदा ग्रंथात आले. चौगडच्या वाघिणींच्या कथेत कॉर्बेट एक निरीक्षण सांगतो आणि ते मला साऱ्या शिकारवाङ्मयाचे मर्म वाटते. माणसाला वास येत नाही, हे वाघाला ठाऊक नसते. तो नरभक्षक झाला तरी सांबराकडे जसा जातो तसाच माणसाकडे जातो: वारा तोंडावर घेऊन पुढे सरकतो, किंवा आपला वास सावजाकडे जाणार नाही अशा अंगाला दबा धरतो. म्हणजे ज्या नाकाचा आपल्याला अभिमानच नाही, ते आपल्याला आहे असे वाघ गृहीत धरतो. आणि त्याच्या या गैरसमजावर कॉर्बेटचा जीव तगतो. वारा कोणीकडून येतो हे कळले की धोका कोणीकडे असेल तेही कळते. सरळ वाऱ्याच्या सामोरे चालावे तर धोका पाठीशी राहतो. म्हणून तो वारा आळीपाळीने डाव्या आणि उजव्या गालावर घेत तिरपा तिरपा चालतो. इथे वारा वर्णनातून कथानकात उतरला आहे. शिकारी आणि सावज यांनी जागा बदलल्या आहेत, आणि वाचक नकळत सांबराच्या जागी उभा राहून मागे वळून पाहू लागतो. कॉर्बेटच्या धैर्याची स्तुती सर्वांनी केली. परंतु या पुस्तकाचा कस धैर्यात नाही, या नम्रतेत आहे, असे मला वाटते.

मराठीत कॉर्बेट आला आणि आवडीने वाचला गेला. त्याच्या धर्तीवर लिहिलेल्या आपल्या कथांत मात्र जनावर कथेला हवे तेव्हा समोर येते. पान उलटताच ते येते, डरकाळी फोडते आणि पडते. वारा फिरला म्हणून दिवस वाया गेला, असे सांगणारा लेखक विरळा. कारण त्या दिवसाची कथा होत नाही अशी आपली समजूत. काही मित्र म्हणतात, हा तांत्रिक तपशील आहे, वाङ्मयाशी त्याचा काय संबंध? मी म्हणतो, तोच संबंध आहे. वारा फिरण्याची शक्यता जिथे नाही तिथे जनावराला सुटण्याची वाट नाही, आणि जिथे सुटकाच नाही तिथे कथा कसली?

व्यंकटेश माडगूळकरांचे मोठेपण मी येथे शोधतो. ते स्वतः शिकारीचे शौकीन. पुढे बंदूक मागे पडली आणि वही व रेखाटने पुढे आली. त्यांच्यावर लिहिताना टीकाकार बहुधा ‘बनगरवाडी’ (१९५५) या एकाच दाराने आत शिरतात, आणि ‘नागझिरा’ (१९७९) व ‘सत्तांतर’ (१९८२) यांना निसर्गप्रेमाच्या खात्यात जमा करून मोकळे होतात. मला तो वेगळा टप्पा वाटत नाही. बंदूक ठेवली तरी शिकाऱ्याची शिस्त ठेवता येत नाही: दबकत चालणे, तासन्‌तास थांबणे, आपण त्या रानात नकोसे आहोत हे ध्यानात ठेवणे. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील त्या डोंगराळ अरण्यात हिंडणारा लेखक निसर्गप्रेमी पर्यटकासारखा भारावून बोलत नाही, याचे कारण त्याला ही शिस्त आधी मिळाली होती. ‘सत्तांतर’मध्ये तर त्याने स्वतःला इतके मागे ठेवले की वानरांच्या टोळ्यांना त्याची गंधवार्ताही नाही. ती निःसंग, कोरडी वाटणारी भाषा कित्येकांना खटकते. मला ती वाऱ्याच्या योग्य अंगाला बसून लिहिलेली भाषा वाटते.

बंगालीत हीच वाटचाल बुद्धदेव गुहांनी (१९३६–२०२१) केली. कोलकात्यातील हा सनदी लेखापाल स्वतः शिकारी होता, आणि त्यांच्या ऋजुदाचे पहिले पुस्तक १९७३ साली, म्हणजे कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी निघाले. पुढे ऋजुदा चोरट्या शिकाऱ्यांच्या मागे आफ्रिकेपर्यंत जातो. ही पुस्तके रसाळ आहेत आणि मी ती आनंदाने वाचली आहेत. पण ऋजुदाच्या तोंडातला पाइप मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतो. त्या पाइपची वार्ता वाऱ्याखालच्या सांबराला ऋजुदा दिसण्याच्या कितीतरी आधी पोचली असती.

शेवटी भाषेचा एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत आपण ‘वाऱ्याच्या दिशेने गेला’ असे सर्रास लिहितो. याचा अर्थ काय? वारा जिकडून येतो तिकडे, की जिकडे जातो तिकडे? शिकारकथेत या दोहोंमधे जनावराच्या जीवनमरणाचे अंतर आहे, आणि आपली वाक्ये ते अंतर राखीत नाहीत. ‘वारा तोंडावर घेऊन’ आणि ‘वारा पाठीवर घेऊन’ हे प्रयोग निःसंदिग्ध आहेत. भाषांतरकारांनी तेच पत्करावेत. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाने समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला खारा आणि जमिनीकडून जाणाऱ्याला मतलई अशी नावे दिली, कारण त्याचे पोट त्यावर होते. मग सह्याद्रीत, मेळघाटात, सातपुड्यात ज्यांचे पोट वाऱ्यावर होते त्यांनी चढत्या आणि उतरत्या वाऱ्याला, आणि मधल्या त्या कोणाच्याच नसलेल्या हवेला नावे दिली नसतील काय? मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी सारंगागार, काकागार असे शब्द मराठीला दिले आणि आदिवासींकडून ऐकलेले कितीतरी शब्द टिपून ठेवले. त्यांचे हे काम पूर्ण झाले असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

या अंकाच्या वाचकांपैकी बरेच जण बदलीच्या निमित्ताने डोंगराळ जिल्ह्यांतून राहिलेले आहेत, काही आजही आहेत. बक्साच्या वाटाड्याने त्या सकाळच्या वाऱ्याला त्याच्या बोलीतला एक शब्द वापरला होता. मी तो त्याला दोनदा म्हणावयास लावला आणि वहीत उतरविला. पण माझ्या कानाचा मला भरवसा नाही, म्हणून येथे देत नाही. कोणास असे शब्द ऐकून ठाऊक असतील, मग ते गोंडी, कोरकू, पारधी, नेपाळी कोणत्याही बोलीतले असोत, तर गावाच्या नावासह आणि कोणत्या वेळच्या वाऱ्याला तो शब्द लावतात ते लिहून संपादकांकडे पाठवावेत.